खळ्यातला दुरुस्तीचा दिवस: खोलण्याआधी काय, बंद करताना काय

पाऊस ओसरून भात घरात आलं की कोकणातल्या बहुतेक गाड्यांची तक्रार एकसारखी असते. चेन तांबूस झालेली, ब्रेक करकरणारे, हेडलाईटच्या काचेत आतून वाफ धरलेली, सेल्फ दाबला की नुसती टकटक. मग वाडीतले चारपाच जण ठरवतात, एक दिवस एकत्र बसून आपापल्या गाड्या करू. सुरुवात उत्साहात होते. संध्याकाळी मात्र दोन गाड्या उघड्याच असतात, एकीचा नट सापडत नसतो आणि एक टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी लागते.

असे बरेच दिवस मी पाहिले आहेत, काही स्वतः बिघडवलेही आहेत. हाताचं कसब कमी पडल्यामुळे बिघडलेला दिवस क्वचितच दिसला. क्रम मात्र दर वेळी चुकलेला होता. आमच्या दुसऱ्या खेपेला एकाने ऑईलचा ड्रेन बोल्ट हाताने बसवला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून उठला. दुसऱ्याला बोल्ट जागेवर दिसला, त्याने ऑईल ओतलं. गाडी छान चालू झाली. चार दिवसांनी घाटात बोल्ट गळून पडला, ऑईल रस्त्यावर सांडलं आणि इंजिन जाम झालं. दोघांचंही काम आपापल्यापुरतं बरोबर होतं. चूक झाली ती मधल्या हातबदलात. तेव्हापासून आमचा पहिला नियम असा: ज्याने नट सोडला, त्यानेच तो आवळायचा. खाली दिलेला सगळा क्रम या नियमावरच उभा आहे.

टप्पा १: काय करायचं नाही ते आधी ठरवा

एकत्र आलेली माणसं एकमेकांच्या जोरावर नको तेवढी धाडसी होतात, म्हणून नाही म्हणायची कामं आधी कागदावर लिहून काढा. आमच्या यादीत ही आहेत: इंजिनचं हेड उघडणं, क्लच प्लेट, पुढच्या शॉकअपचं ऑईल, हँडलचा बॉल रेसर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या ब्रेकची हवा काढणं आणि पेट्रोल इंजेक्शनचा कुठलाही भाग. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आल्यावरच्या नव्या गाड्यांत कार्बोरेटर जवळजवळ नाहीच. तिथे सेन्सरची वायर ओढली गेली तर चुकीच्या भागावर दोन दिवस जातात. वॉरंटीत असलेली गाडीही आणू नका. तिची सर्व्हिस कंपनीच्या ठिकाणीच करा, नाहीतर पुढे दावा अडतो.

करायची कामं पाच: ऑईल, प्लग आणि एअर फिल्टर, चेन, ब्रेक, बॅटरी आणि वायरी. खाऱ्या हवेत सगळ्यात जास्त त्रास हीच देतात आणि साध्या हत्यारांनी होतात.

मुंबईकरांची वर्षभर घरी उभी असलेली गाडी या दिवसात घेऊ नका. तिच्या टाकीत शिळं पेट्रोल, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर आणि सीटखाली उंदराने कुरतडलेली वायर असं सगळं एकदम निघतं. एकट्या तिलाच एक दिवस लागतो.

टप्पा २: तारीख आणि जागा

वर्षातून दोन वेळा सोयीच्या. एक, नोव्हेंबरात झोडणी संपून खळं मोकळं झालं की. दुसरी, मेच्या मध्यावर. मेचा शेवटचा आठवडा धरू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईपर्यंत पोचला होता, आणि पावसात उघडं इंजिन म्हणजे नसती आफत.

वार ठरवताना सगळे रविवार धरतात, आणि त्याच दिवशी तालुक्याचं स्पेअर पार्टचं दुकान बंद असतं किंवा दुपारी मिटतं. किरकोळ किमतीचा वायसर नाही म्हणून गाडी सोमवारपर्यंत उघडी राहते. दुकान उघडं असेल असा शनिवार किंवा सुट्टीचा दिवस घ्या आणि दुकानदाराला आदल्या दिवशी फोन करून ठेवा.

सारवलेलं खळं बसायला सुखाचं असतं, पण मेन स्टँड त्यात रुततो आणि पडलेला स्क्रू शेणामातीत दिसत नाही. सिमेंटची किंवा फरशीची जागा बघा. मिळाली नाही, तर प्रत्येक गाडीच्या स्टँडखाली जाड फळी आणि खाली फिक्या रंगाची ताडपत्री हवीच.

तीन गोष्टी प्रत्यक्ष उभं राहून बघा. डोक्यावर माड नाही ना, फणस नाही ना. विहीर किती लांब आहे? जांभा दगड सच्छिद्र असतो, सांडलेलं ऑईल त्यातून झिरपत खाली जातं, त्यामुळे विहिरीच्या बाजूला किंवा तिच्या चढावर काम मांडू नका. आणि गवताची उडवी, चूल, शेकोटी जवळपास नको.

सावधान: बंद पडवीत किंवा मांगरात (शेतघरात) इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. चक्कर यायला लागेपर्यंत कळत नाही.

टप्पा ३: पंधरा दिवस आधीची पाहणी

इथे कंटाळा केला की दिवस फुकट गेलाच समजा. दिवस ठरल्यावर पहिल्याच आठवड्यात जाणत्या माणसाने एका संध्याकाळी प्रत्येक गाडी बघायची. नट एकही सोडायचा नाही, फक्त डोळे, हात आणि वही. गाडीचं मॉडेल आणि साल लिहा, सामान त्यावरच मिळतं. "स्प्लेंडरचा ब्रेक लायनर" एवढं सांगून दुकानात गेलात तर दोनतीन वेगवेगळे लायनर समोर येतील.

चेनची बघायची पद्धत अशी. मागच्या मोठ्या स्प्रॉकेटवर चेन अगदी मागच्या टोकाला चिमटीत धरून बाहेर ओढा. दाताचा निम्म्याहून जास्त भाग उघडा दिसला तर चेन संपली. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कलून हूकसारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर घातलेली नवी चेन लवकर खराब होते. ड्रम ब्रेकला हबवर एक बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला लागला की लायनर बदलायची वेळ झाली. डिस्क पॅडला झिजेची खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड गेला.

मग प्रत्येकाची यादी करा आणि मुख्य भागासोबत लागणारं बारीकसारीक सामानही लिहा. घोळ होतो तो यातच. ऑईल लिहिलं की ड्रेन बोल्टचा नवा वायसर लिहा, फिल्टर असेल तर त्याचा ओ-रिंग. चेनसोबत नवं लॉक. मागचं चाक सैल करायचं तर नवी स्प्लिट पिन. पिना, वायसर आणि फ्यूज जास्तीचेच आणा.

ऑईलचा ग्रेड मॅन्युअलमधून घ्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून नाही. बहुतेक हिरो-होंडांना १०डब्ल्यू-३० लागतं, बऱ्याच पल्सरना २०डब्ल्यू-५०. गिअरच्या मोटरसायकलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (जपानी मानकाची खूण) असं लिहिलेलं हवं. तिथे क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑईलने तो घसरायला लागतो. स्कूटरचं ऑईल वेगळं, शिवाय तिच्या मागच्या गिअरबॉक्सचं थोडं ऑईल आणखी वेगळं. ते बहुतेक जण विसरतात.

पैशांचंही याच वेळी ठरवून टाका. सामान ज्याचं त्याचं. चिंध्या, रॉकेल, ग्रीस, चहा-जेवण सगळ्यांच्या वर्गणीतून. सामाईक हत्यार मोडलं तर खर्च सगळ्यांत वाटायचा, गाडीचा भाग मोडला तर मालकाने सोसायचा. आधी बोललं नाही तर एका मोडलेल्या बोल्टवरून वर्षभराची अढी पडते.

तपासा: आदल्या संध्याकाळी सगळं सामान एका जागी मांडा आणि यादीशी ताडा. ज्या कामाचं सामान आलं नाही, ते काम खोडा. "सकाळी आणतो" चालणार नाही.

टप्पा ४: हत्यारं

चार गाड्या आणि सहा ते आठ माणसं हे प्रमाण जमतं. त्याहून जास्त गाड्या असतील तर दोन दिवस करा.

किमान सामान: ८ ते १९चे रिंग पाने, ८, १०, १२, १४, १७च्या गोट्या (सॉकेट), एक्सलच्या मापाची मोठी गोटी, प्लग पाना, ॲलन की, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा), फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), मल्टिमीटर, हवेचा पंप आणि गेज, प्लॅस्टिकचा हातोडा, पसरट घमेलं. फिक्स पाना शक्यतो दूर ठेवा. तो नटाच्या दोनच बाजू धरतो आणि गंजलेल्या नटाच्या कडा गोल करून टाकतो.

स्क्रूड्रायव्हरबद्दल मुद्दाम सांगतो. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपल्याकडचा साधा फुलीचा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. क्लचच्या कव्हरचे खाल्लेले स्क्रू तुम्ही बघितलेच असतील. जपानी मापाची एक टीप आणा, ती नसेल तर ठोकून फिरवायचा इंपॅक्ट ड्रायव्हर.

टॉर्क पाना गावात कुणाकडेच नसेल तर तो सगळ्यांनी मिळून विकत घ्या. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की त्यांच्या दुरुस्तीला पान्याच्या किमतीपेक्षा जास्त लागतात.

शिवाय दोन बादल्या कोरडी वाळू, आगीचा एक सिलिंडर, साबण, स्वच्छ पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी. वाळू समुद्रावरची नको. ती खारी असते, वाऱ्याने उडून उघड्या भागात गेली की गंज तिथूनच सुरू होतो.

टप्पा ५: सकाळची मांडणी

गाड्या आदल्या दिवशी घरी गोड्या पाण्याने धुऊन आणा. सकाळी जागेवर धुतल्या तर ड्रममध्ये पाणी राहतं आणि सगळीकडे लाल चिखल होतो. जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि वायरींच्या जोडांवर मारू नका.

साडेसात वाजता सुरुवात करा. प्रत्येक गाडीला एक पुठ्ठा बांधा, त्यावर कामं क्रमाने आणि प्रत्येक कामासमोर दोन रकाने: "सोडलं" आणि "आवळलं". दोन्हींत एकाच माणसाची सही. मधेच उठावं लागलं तर त्या भागावर लाल चिंधी बांधूनच उठायचं. लाल चिंधी दिसली की त्या गाडीला बाकी कुणी हात लावायचा नाही, ऑईल ओतायचं नाही, किल्ली फिरवायची नाही. चहासुद्धा हातातलं काम मिटवूनच.

नटांसाठी प्रत्येक गाडीला वेगळं ताट घ्या, मुलांच्या डब्यांची झाकणंही चालतात. एका गाडीचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतील तर पुठ्ठ्यावर त्या भागाचं चित्र काढा आणि जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंग तडकते.

अंगठी, हातातला दोरा, गळ्यातली साखळी काढून ठेवा. ओढणी आणि सैल बाह्या बांधून घ्या.

सावधान: दुपारी दोननंतर नवीन काम उघडायचं नाही. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जेवणानंतर हात मंदावतात. दोननंतरचा वेळ बंद करणं, तपासणं आणि आवरणं यासाठीच राखून ठेवा.

टप्पा ६: ऑईल, गाडी कोमट असतानाच

गाडी घरून चालवत आणलेली असते, त्यामुळे हे काम पहिलं. ऑईल कोमट असलं की गाळासकट उतरतं. गाडी फार तापली असेल तर दहा मिनिटं थांबा.

आधी वरचं ऑईल भरायचं झाकण सोडा. ते उघडतंय हे बघितल्याशिवाय खालचा बोल्ट सोडायचा नाही. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, खाली घमेलं सरकवा. ड्रेन बोल्ट सोडताना दिशा फसते, कारण आपण खाली वाकून उलट बाजूने बघत असतो. बोल्टच्या डोक्याकडे समोरून बघतोय असं मनात धरा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. जोर लावूनही हलत नसेल तर थांबून दिशा पुन्हा तपासा. बोल्ट सोडतोय असं समजून आवळल्यानेच सर्वात जास्त आटे जातात.

ऑईल दहापंधरा मिनिटं ठिबकू द्या. तेवढ्यात त्याच माणसाने टायर बघायचे: हवा, काटे, खाचेतली झिजेची खूण. काळं ऑईल बोटावर घेऊन उन्हात धरा. चकाकणारे बारीक कण थोडे असतील तर ठीक, धातूचे तुकडे असतील तर ती गाडी बंद करून मेकॅनिककडेच न्या. ऑईल दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. पुराच्या पाण्यातून गाडी काढली होती का, हे मालकाला विचारा.

बोल्टला नवा वायसर घाला. पहिले चारपाच आटे फक्त बोटांनी. बोटाने फिरत नसेल तर तो तिरका बसतोय. काढा, पुसा, पुन्हा लावा. शेवटी टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

आता मापाने ऑईल ओता. बऱ्याच शंभर सीसी गाड्यांना ऑईल बदलताना एक लिटरपेक्षा कमी लागतं. ९०० मिलीचे डबे बाजारात येतात ते म्हणूनच. लिटरचा डबा आहे म्हणून सगळा ओतू नका. जास्तीचं ऑईल ब्रीदरमधून (इंजिनची वाफ सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि सीलवर दाब येतो.

तपासा: इंजिन दोनतीन मिनिटं चालवा, बंद करून तितकंच थांबा, मग गाडी सरळ उभी धरून पातळी बघा. हिरो-होंडाच्या बहुतेक गाड्यांत दांडी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. साईड स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी.

टप्पा ७: प्लग आणि एअर फिल्टर

आता इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबा. गरम हेडमधून प्लग काढला तर त्याच्याबरोबर आटे येण्याची भीती असते. प्लगच्या भोवती लाल माती घट्ट बसलेली असते. ती ब्रशने आणि हवेने काढल्याशिवाय प्लग सोडू नका, नाहीतर सगळी सिलिंडरमध्ये पडेल. नवा प्लग पेट्रोल पाईपच्या तुकड्यात खोचून हाताने फिरवत बसवा. पाईप घसरायला लागला की समजा, प्लग तिरका जातोय. हाताने टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर पाव फेऱ्याच्या आत. ट्विन-स्पार्कच्या पल्सरला एकाहून जास्त प्लग असतात. पलीकडचा विसरला जातो.

फोमचा फिल्टर रॉकेलने धुऊन, पिळून (मुरगळून नव्हे), वाळवून, थोडं ऑईल लावून परत घाला. तेल लावलेला कागदी फिल्टर धुवायचा नसतो आणि हवेने झाडायचाही नसतो. तो सरळ बदला. डब्याच्या तळाची पाणी निघायची नळी उघडून निथळा. पावसाळ्यानंतर तिच्यातून पाणी निघालं तर नवल नाही.

टप्पा ८: चेन

खारी हवा, किनाऱ्यावरची वाळू आणि फेरीबोटीवर उडालेलं पाणी या तिन्हींचा मार चेनवर बसतो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ करणाऱ्यांच्या चेन बघाव्यात, एका पावसात दोन वर्षं म्हाताऱ्या होतात.

साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल वापरू नका, ते ओ-रिंग खातं आणि पेटतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं वंगण नव्हे; तो मारून थांबलात तर आठवड्यात चेन पुन्हा तांबडी. धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावर ९० नंबरचं गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने लावा आणि जास्तीचं पुसून टाका. ओलं राहिलेलं वंगण वाळू धरतं आणि त्याची कानस होते.

सावधान: गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फिरत्या चेनला फडका लावायचा नाही. यात बोटं जातात. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, किल्ली खिशात, चाक हाताने फिरवायचं.

ताण लावण्याचा क्रम असा:

१. चाक फिरवत चारपाच ठिकाणी चेन वरखाली करून ढील मोजा. सगळीकडे सारखी नसेल तर सर्वात घट्ट जागी मोजून ताण लावा.
२. स्प्लिट पिन काढा, एक्सलचा नट सोडा. मागे ड्रम असेल तर टॉर्क रॉडचा (ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या दांडीचा) नट आणि ब्रेक रॉडचा नटही सैल करा.
३. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर अर्धा अर्धा फेरा, आळीपाळीने. दोन्हीकडच्या खुणा एकाच रेषेवर.
४. बऱ्याच कम्युटर गाड्यांत ढील २० ते ३० मिमी असते; आपल्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो.
५. एक्सल आवळा आणि ढील पुन्हा मोजा. आवळताना ती बदलते.
६. टॉर्क रॉड आवळा, नवी स्प्लिट पिन घाला, टोकं वाकवा.
७. मागचा ब्रेक पुन्हा ॲडजस्ट करा. चाक मागे सरकलं की ब्रेकही बदलतो. मागचा दिवा पेडलला लागतोय का तेही बघा.

सातवी पायरी जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. चेन घट्ट झाली म्हणून समाधानाने निघतात आणि पहिल्या वळणावर पेडल खाली जातं. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत कॉम्बी ब्रेक असतो, पेडलबरोबर पुढचाही लागतो. त्यामुळे तिथे पुढचाही तपासा.

चेनचं लॉक बसवताना क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला आणि उघडं टोक मागे. उलट बसवलेली क्लिप दगडाला आपटून निघते.

टप्पा ९: ब्रेक

पुढचा आणि मागचा ब्रेक एकाच वेळी उघडायचे नाहीत. पुढचा पूर्ण बंद होऊन तपासला गेला की मगच मागचा.

ड्रम उघडल्यावर आतली पूड फुंकू नका, हवेनेही उडवू नका. ती फुप्फुसात जाते. मास्क लावून ओल्या फडक्याने टिपा. लायनर उघडणाऱ्या कॅमला चिमूटभरच ग्रीस. लायनरला बोट लागलं तरी सँडपेपरने घासून घ्या, कारण बोटांवर वंगण असतंच.

डिस्कचे पॅड बदलताना पॅड बाहेर असेपर्यंत लिव्हरला हात नाही. पिस्टन बाहेर आला तर दिवस संपला. पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याच्या कडेचा खारट गंज आणि माती पुसा, नाहीतर ती सीलमध्ये घुसते. ब्रेक ऑईलच्या वरच्या टाकीचं झाकण सैल करून एकाने पातळीवर लक्ष ठेवा. ब्रेक ऑईल रंग उडवतं, पेट्रोलच्या टाकीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे आपल्या दमट हवेत मागच्या वर्षी उघडलेली बाटली वापरू नका. डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावरच लिहिलेलं असतं.

सावधान: पॅड बसवल्यावर लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करा, आणि ते झाल्याशिवाय गाडी स्टँडवरून काढू नका. नव्या पॅडच्या पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. तो पहिला दाब उतारावर आला तर काय होईल, हे सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगा.

टप्पा १०: बॅटरी आणि वायरी

काढताना आधी उणे, बसवताना आधी अधिक. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात सोडा घालून धुवा, कोरडं करा, आवळा, वर पेट्रोलियम जेली. मल्टिमीटरवर गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, १२.४ खाली असेल तर चार्ज करा. गाडी चालू करून थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा. तेवढं चढत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरी घालून उपयोग नाही.

हेडलाईटच्या मागचे आणि सीटखालचे जोड एकेक करून काढा, हिरवे पडले असतील तर साफ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवा. एकदम सगळे काढू नका. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा घालू नका, वायर जळते.

टप्पा ११: दुसऱ्याची नजर, मग फेरी

सोडणारा आणि आवळणारा एक, पण तपासणारा नेहमी दुसरा. त्याने त्या गाडीवर काम केलेलं नसावं. आवळलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून केसिंगपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. तपासणाऱ्याने बोट ठेवून मोठ्याने म्हणायचं: ड्रेन बोल्ट, ऑईलचं झाकण, प्लग कॅप, पुढचा एक्सल, मागचा एक्सल, स्प्लिट पिन, टॉर्क रॉड, चेन लॉक, कॅलिपरचे दोन बोल्ट, ब्रेक रॉडचा नट, बॅटरी. ताटात एकही नट उरला असेल तर गाडी हलणार नाही, मग तो कितीही छोटा असो.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर सोडून बघा, आपोआप परत यायला हवा.

मग हेल्मेट घालून आधी दहा पावलं आणि दोन्ही ब्रेक वेगवेगळे. नंतर शंभर मीटर. नंतर सपाट रस्त्यावर दोनतीन किलोमीटर, मागे कुणाला न बसवता. घाटात आणि बंदराच्या उतारावर त्या दिवशी नाही. परत आल्यावर गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकून पंधरा मिनिटं थांबा. थेंब पडला तर कुठून आला ते शोधूनच घरी न्या.

टप्पा १२: जळकं ऑईल आणि चिंध्या

चार गाड्यांचं मिळून तीनचार लिटर निघतं. ते वहाळात, खाडीत, गडग्याच्या कडेला ओतू नका. आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून खांबांना जळकं ऑईल लावायची सवय आहे, पण पावसात तेच धुऊन विहिरीत येतं. जुन्या डब्यांत भरून घट्ट झाकण लावा आणि वापरलेलं ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवा. कायद्याने तो घातक कचरा आहे. त्यात रॉकेल किंवा ब्रेक ऑईल मिसळू नका, मग ते कुणी घेत नाही. रॉकेल रात्रभर बरणीत ठेवलं की गाळ बसतो, वरचं पुढच्या खेपेला चालतं. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्या. तेलकट चिंध्या गोणीत कोंबून मांगरात ठेवू नका, बाहेर मोकळ्या पसरा.

हात साबणाने आणि लाकडाच्या भुशाने धुवा. पेट्रोलने धुणं आधी थांबवा, कातडी फाटते.

ठरलेल्या दिवसानंतर आठवड्याने किंवा शंभर किलोमीटरनंतर, जे आधी येईल तेव्हा, प्रत्येकाने आपल्या गाडीची नेलपॉलिशची रेघ, चेनची ढील आणि ऑईलची पातळी बघून गटाला कळवायची. नवी चेन पहिल्या काही दिवसांत सैल पडतेच. ज्याचा निरोप आला नाही, त्याच्या घरी एकाने जाऊन गाडी बघून यायची.